न गळणारी जीप

रोज संध्याकाळी आप्पा कुठल्या रंगाचे होऊन घरी येतील, यावर माझी आणि आईची पैज लागायची. आप्पा बोईसरला कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात फिटर होते. त्या दिवशी जो रंग चालू असेल तो त्यांच्या बनियनवर, कानांच्या पाळ्यांत, नखांत आणि थेट घामात उतरायचा. सोमवारी निळे गेलेले आप्पा मंगळवारी जांभळे परतायचे. त्यांच्या अंघोळीचं पाणी मोरीतून वाहत परसातल्या केळीच्या बुंध्याशी जायचं आणि इतकं होऊनही त्या केळीला साधी हिरवीच केळी कशी लागतात, याचं शेजाऱ्यांना नवल वाटायचं. त्यामुळे एका शनिवारी आप्पा उमरोळीच्या आमच्या अंगणात डोक्यापासून पायापर्यंत तांबडे होऊन उभे राहिले, तेव्हा मी "लाल! जिंकले!" म्हणून ओरडले. पण तो रंग नव्हता, गंज होता. त्यांच्या मागून दोन बैल एक जीप ओढत आणत होते.

जीप हा शब्द आप्पांचा. आम्हाला दिसली ती चार चाकांवर बसवलेली चाळण. समुद्राकाठी मोठ्या प्रकल्पाचं बांधकाम चालू होतं तेव्हा एका ठेकेदाराने ती वापरली होती आणि काम संपल्यावर खाऱ्या वाऱ्यात तशीच उघडी टाकून दिली होती. आता तो मुलूख सोडून निघाला होता आणि जाता जाता आप्पांना म्हणाला होता, नेतोस तर ने, जागा तरी मोकळी होईल. खारा वारा लोखंडाला कसा खातो हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. खिडकीचे गज दिवाळीला रंगवले तर शिमग्यापर्यंत त्यांना फोड येतात. या जीपचं मडगार्ड मी बोटाने दाबून पाहिलं, तर बोट आरपार गेलं. गाडीवानाने बैल सोडले, आप्पांकडे एकदा दयेने पाहिलं आणि चहासुद्धा न घेता तो निघून गेला.

"इंजिन वाघाचं हाय," आप्पा म्हणाले. "नुसतं कातडं गेलंय."

आई पिठाच्या हातांनी दारात उभी होती. मग तिने एवढंच विचारलं, "चालंल ही?"

"चालंल म्हंजे? मुरब्यापतुर जाईल!"

आई गर्रकन आत गेली. त्या दिवशी तव्यावरची भाकरी करपली, आणि आईच्या हातून भाकरी करपलेली मी त्यापूर्वी कधी पाहिली नव्हती. कारण मुरबे हे आईचं माहेर होतं आणि अठरा वर्षांत ती तिथे गेलेली नव्हती. आमच्या घरापासून ते गाव एवढं जवळ होतं की पश्चिमेचा वारा सुटला की तिथल्या सुकटीचा वास आमच्या ओटीवर यायचा. पण त्या गावाचं नाव घरात कोणी काढत नसे.

आप्पा घाटावरचे, कऱ्हाडकडचे. बांधकामावर पाइप जोडायला ते या समुद्राकाठी आले, मुरब्यात एका पडवीत राहिले आणि होड्या बांधणाऱ्या मिस्त्र्याची मुलगी त्यांना आवडली. तिलाही ते आवडले. माझा हा आजा मोठा करडा माणूस. त्याने रागावून आकांडतांडव केलं नाही, तर आप्पांना सरळ होडीत घालून समुद्रात नेलं. घाटावरचा गडी, नदी सोडून पाणी माहीत नाही. पहिल्या दहा मिनिटांत आप्पांनी पोटातलं सगळं माशांच्या टोपलीत रिकामं केलं. आजाने होडी मागे वळवली आणि किनाऱ्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, "ज्याच्या दारात सोताचं होडकं नाय, त्याच्या घरात माजी पोर देनार नाय." आप्पांनी तोंड पुसलं आणि उत्तर दिलं, "तुमच्या दारात येईन तो सोताचं वाहन घिऊनच येईन." मग दोघांनी पालघरला जाऊन लग्न नोंदवलं. आजाने पुढे कधी येऊ नका असं म्हटलं नाही, पण या असंही म्हटलं नाही. आईचं म्हणणं, त्याने बोलवावं. आप्पांचं म्हणणं, वाहन झाल्याशिवाय जायचं नाही. आणि आजाचं म्हणणं काय होतं ते कोणाला माहीत नव्हतं. हट्टी माणसांच्या घराण्यात जन्माला आलं की पोरांना मधल्या मधे पुष्कळ चालावं लागतं. आता माझी नात माझ्या हट्टीपणावर बोलते तेव्हा मी तिला सांगते, बाई गं, माझ्याकडे तर तो उरलासुरला आलाय.

मी तेव्हा सतरा वर्षांची, मॅट्रिक होऊन घरी बसलेली होते. आप्पा कारखान्यातून चारला सुटायचे, पाचला आमचं काम सुरू. आधी गंज खरवडायचा. तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, मग पुन्हा ब्रश. अंगणात तांबड्या भुकटीचा थर बसायचा आणि आई तो झाडताना म्हणायची, "अर्धी जीप तर मी केरातच टाकली." मग पोचे काढायचे. मी पत्र्याच्या आतून जड लोखंडी ठोकळा दाबून धरायची आणि आप्पा बाहेरून हातोडीने ठोकायचे. ठोकळा ठोक्याच्या बरोबर मागे हवा, एक बोट इकडे तिकडे झालं की पोचा बसायच्या ऐवजी दुसरा उठायचा. पहिले चार दिवस मी नुसते नवे पोचे पाडले. पंधरा दिवसांनी आप्पांनी हातोडी माझ्या हातात दिली आणि ठोकळा स्वतः धरला, कारण म्हणे माझा ठोका हलका पडतो. पुढची दोन्ही मडगार्डं माझ्या हातची. इतक्या वर्षांनीसुद्धा रस्त्यात एखादी नवीकोरी गाडी दिसली की मी मालकाच्या नकळत तिच्या मडगार्डावरून हात फिरवून येते.

आईचा या कामाशी काही संबंध नाही असं तिचंच म्हणणं होतं. पण ती चुलीशी बसून ऐकायची. एके दिवशी आतूनच ओरडली, "ते बसलं नाय अजून. आवाज फुटका येतोय." आप्पांनी हात फिरवून पाहिलं, तर खरंच तिथे उंचवटा होता. मग ती हात पुसत बाहेर आली, पळीचा दांडा उलटा धरला आणि जीपभोवती फिरत टक टक वाजवत गेली. "इथं पोकळ. इथं बरा. इथं वरून रंग हाय, खाली कायच नाय." जिथे जिथे ती पोकळ म्हणाली तिथे तिथे खरवडल्यावर भोक पडलं. होडीच्या फळ्या कुजल्यात का हे तिचा बाप असाच वाजवून बघायचा, आणि परकराच्या वयापासून ती त्याच्यामागे फिरलेली. हे तिने सांगितलं नाही, आम्ही समजलो. रात्री पानात आप्पांसाठी झुणका आणि ज्वारीची भाकरी, आमच्यासाठी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण असायचं. दोन मुलखांची चूल आमच्या घरात एकच होती, आणि त्या दिवसांत ती मोठ्या आनंदात पेटायची.

अडलं ते तळाशी. बाजूचे पत्रे ठिगळं लावून उभे राहिले, पण जीपचा तळ पार गेला होता. आप्पांनी कारखान्यातल्या मिश्राजींना त्यांच्या गॅस वेल्डिंगच्या सामानासकट बोलावून आणलं. मिश्राजींनी ज्योत लावली, की पत्रा ठिगळ धरायच्या ऐवजी वितळून भोक आणखी मोठं व्हायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा काढला. "भाऊ, इसमें जोड़ूँ किससे? जोड़ने को कुछ बचे तो जोड़ूँ." ते गेल्यावर आप्पा ओटीवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पाच वाजता हातोडी वाजली नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. चौथ्या दिवशी आईने जीपच्या बॉनेटवर पापड वाळत घातले. आईने जीपची आशा सोडली म्हणजे माहेरची सोडली, हे मला लख्ख कळलं.

आमच्याकडे दिवसाआड मासे घेऊन भीमाबाय यायची, मुरब्याचीच. मी तिला परसदारी गाठलं आणि विचारलं, लाकडाचा तळ बसवता येईल असा कोणी मिस्त्री तुमच्या गावात आहे का. तिने टोपली डोक्यावर चढवता चढवता माझ्याकडे असं पाहिलं की मला हसूच आलं. "मिस्त्री? तुज्या सख्ख्या मामाशिवाय दुसरा कोन हाय गो? चल माज्यासंगती." आईला मी मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं आणि भीमाबायच्या मागे मिठागरांच्या बांधावरून चालत निघाले. आयुष्यात आईशी बोललेल्या खोट्यांपैकी हे मला सगळ्यात आवडणारं.

पावसाळा तोंडावर होता, होड्या वर ओढून झावळ्यांखाली ठेवलेल्या. एका होडीच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आले होते. ते मामाचे. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, आता पंचविशीचा गडी. मी कोण ते सांगितल्यावर तो होडीखालून इतक्या घाईने उठला की त्याचं डोकं फळीवर आपटलं. पलीकडे एक म्हातारा फळकुटावर बसून लाकूड तासायचा वाकस घासत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "कोनाची गो तू?" मामाने डोळ्यांनी मला खुणावलं. "उमरोळीची," मी म्हटलं. म्हातारा क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, मग पुन्हा वाकस घासू लागला. माझा आजा मी पहिल्यांदा पाहिला तो असा.

"बाबाला कलला तं माजी खैर नाय," मामा कुजबुजला. पण पुढच्या रविवारी तो आला. आप्पांना मी आधीच पटवून ठेवलं होतं. ते फक्त म्हणाले, "मिस्त्री हाय ना? मग येऊ दे मिस्त्री." आईला मात्र काही सांगितलं नव्हतं. ती बाहेर आली, सुतार दिसला, आत जाऊन चहा करून आणला आणि त्याच्यासमोर ठेवला. मामाने घोट घेतला आणि म्हणाला, "ताय, साखर जास्ती जाली. मला कमी लागते, तू इसारलीस." आई जागच्या जागी थिजली. मग तिने हातातला टॉवेल त्याच्या पाठीवर इतके वेळा मारला आणि प्रत्येक फटक्याला एवढी रडत हसली, की आप्पा खाकरून विहिरीकडे निघून गेले. मी पण रडले. कशाला लपवू?

मामाने बैलगाडीतून जुन्या सागवानी फळ्या आणल्या होत्या, एका मोडीत काढलेल्या होडीच्या. इतकं पाणी पिऊनही सागवान टणटणीत होतं. पुढचे पाच रविवार अंगणात, पावसासाठी घातलेल्या झावळ्यांच्या मांडवाखाली, दोन कारागीर आणि मी, असा कारखाना चालला. दोघांच्या कामाच्या तऱ्हा निराळ्या. आप्पा प्रत्येक गोष्ट पट्टीने मोजायचे आणि भिंतीवर खडूने लिहायचे. मामा एक डोळा मिटून बघायचा आणि कापायचा. आप्पा म्हणायचे, "माप घे की गड्या." मामा म्हणायचा, "घेतला." आणि फळी बरोबर बसायची. मग फळ्यांच्या सांध्यांत कापसाची वात ठोकून भरायची, वरून राळ आणि तेलाचं लुकण. वाती वळायचं काम आईने आपणहून घेतलं. अठरा वर्षांनी तिची बोटं एकदाही अडखळली नाहीत. आत पाण्याचा शिपका येऊ नये म्हणून मामाने कडेची फळी चांगली चार बोटं वर उचलली. पेडल आणि गिअरचे दांडे ज्या भोकांतून वर येतात तिथे आप्पांनी रबराचे गॅस्केट कापून बसवले. कारखान्यात त्यांचा जन्मच गळती बंद करण्यात चालला होता, तेव्हा या कामात त्यांना सूर सापडला. पुढच्या कोपऱ्यात लोखंडी पट्टीत एक गोल भोक होतं. मामाने विचारलं, "ह्ये कसला?" आप्पा म्हणाले, "गंजाचं आसंल." मी म्हटलं, गंजाचं भोक इतकं गोल कसं? पण दोघे कारागीर आणि मी काल आलेली पोर. मामाने खुंटी ठोकून ते बुजवलं.

मग परीक्षा. मी विहिरीवरून सहा बादल्या पाणी आणून जीपच्या तळात ओतलं. आप्पा एका बाजूने आणि मामा दुसऱ्या बाजूने जमिनीवर आडवे होऊन खालून बघत राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. एक थेंब पडला नाही. दोघे उठले, एकमेकांच्या मातकट पाठीवर थापा मारल्या, आईने टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांना गूळ दिला. त्यानंतर अर्धा तास मी वाकून वाकून तांब्याने ते पाणी बाहेर काढलं आणि आईच्या जुन्या लुगड्याने तळ पुसून घेतला. दोन पट्टीचे कारागीर, एक होडीवाल्याची लेक आणि एक मॅट्रिक पास मुलगी, चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की हे पाणी मी तांब्याने का काढते आहे.

शेवटी मामाने सागवानाला माशाचं तेल पाजलं. होडीला पाजतात तसंच, दोन हात. लाकूड तेल पिऊन काळंभोर चमकू लागलं आणि उमरोळीतली यच्चयावत मांजरं आमच्या अंगणात मुक्कामाला आली. सकाळी जीपमध्ये सहा-सात मांजरं तळ चाटत बसलेली असायची. आप्पा नाकाला फडकं बांधून पत्र्यावर रेड ऑक्साईड मारायचे, वर हिरवा रंग. आई मात्र पदर न लावता जीपशेजारी तांदूळ निवडत बसायची. मी विचारलं, "वास नाही येत तुला?" ती म्हणाली, "येतोय ना. म्हणून तर बसलेय." इंजिन आप्पांनी रात्री जागून सुरू केलं होतं, टपाची ताडपत्री तेवढी राहिली होती. आप्पा म्हणाले, टप मागाहून बघू, आधी जाऊन येऊ. नारळी पुनवेला जायचं ठरलं. त्या दिवशी समुद्राला नारळ देतात, होड्या सजतात, आणि गावातला प्रत्येक माणूस आपल्या घरी असतो.

सकाळी ऊन होतं. आई मोरपंखी लुगडं नेसून पुढे आप्पांच्या शेजारी बसली, मांडीवर सोनेरी कागद लावलेला नारळ. मी मागे नारळीभाताचा डबा घेऊन. आप्पांनी नवा सदरा घातला होता आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या अंगाला कुठलाही रंग नव्हता. आई वाटेत पुटपुटत होती. बापाला काय काय सुनवायचं याची तिची अठरा वर्षांची तयारी होती. श्रावणातल्या उन्हाचा काय भरवसा! मिठागरांपाशी आलो आणि सर आली, ती सुद्धा श्रावणातली भुरभुर नव्हे, आषाढाची उसनी आणलेली. आडोसा कुठेच नाही. पाचच मिनिटांत माझ्या टाचा बुडाल्या. आणखी पाच मिनिटांत घोटे. मांडीवरचा नारळ निसटला आणि जीपमध्ये तरंगू लागला. आप्पांनी ब्रेक दाबला की सगळं पाणी लाट होऊन पुढे जायचं आणि त्यांच्या गुडघ्यांवर फुटायचं. जीप चालू केली की तीच लाट नारळासकट मागे माझ्याकडे. गळती म्हणून नाहीच. तेव्हा कुठे मला ते गोल भोक आठवलं. बनवणाऱ्याने ते पाणी जायला मुद्दाम ठेवलेलं होतं.

सर थांबली तेव्हा आम्ही गावाच्या वेशीशी होतो. आई निथळत होती. "मागं फिरवा," ती म्हणाली. "या अवतारानं मी बाबासमोर जायची नाय." आप्पांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. एवढा पोपटासारखा बोलणारा माणूस, पण तोंड इतकंसं झालं होतं. मला दिसलं की आता मागे फिरलो तर पुन्हा कधीच येणार नाही. मी म्हटलं, "आई, तू समुद्रावरची. ओल्या लुगड्याने त्या घरात कधी शिरली नाहीस का?" ती माझ्याकडे रागाने बघायला वळली, तेवढ्यात नारळ येऊन तिच्या पायाला लागला आणि तिला हसू फुटलं. "चला," ती म्हणाली.

गावात सगळे नटूनथटून नारळ घेऊन किनाऱ्याकडे निघायच्या तयारीत होते. आमची जीप त्या गर्दीतून आजाच्या दाराशी जाऊन थांबली, लाट पुढे जाऊन आदळली, आणि पोरांनी एकच गिल्ला केला. मामा ओसरीवर होता. त्याने आत साठलेलं पाणी पाहिलं, कपाळावर हात मारला आणि तो खांबाआड झाला. म्हातारा काठी टेकत बाहेर आला. त्याने कोणाकडेच पाहिलं नाही. जीपपाशी आला, आत पाहिलं, पाण्यात बोट घातलं. मग काठी बाजूला ठेवून कष्टाने वाकला आणि तळाखालून हात फिरवला. फळ्यांचे सांधे चाचपले, एक एक करून. उठला तेव्हा त्याच्या हाताला चिखल होता, पण एकाही सांध्यातून थेंब पडत नव्हता.

"फल्या माज्याच हायेत," तो मामाच्या दिशेने म्हणाला. "मीच येगल्या काडून ठेवल्या होत्या. ती उमरोलीची पोर आली तवाच समाजला, नाक माज्या आयचा हाय." मामाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग आजा आप्पांकडे वळला. अठरा वर्षांनी त्यांच्याशी बोललेला त्याचा पहिला शब्द असा होता: "आनि पानी कुटून काडनार, फिटरसाहेब?"

आप्पा वाकून पाण्यात कोपऱ्यातली खुंटी चाचपू लागले.

"आमचे होडके पानी भायेर ठेवतात. तुजा होडका आत ठेवतो," म्हातारा म्हणाला. त्याचे खांदे हलू लागले. आधी मला वाटलं खोकला आलाय. तो हसत होता. सगळी गर्दी हसू लागली, आप्पा हसू लागले, मामा खांबाआडून बाहेर आला. हसता हसता म्हाताऱ्याने डोळे पुसले आणि जीपच्या कडेच्या फळीवर हात ठेवला. "पन होडका हाय. सोताचा हाय. आता माजा काय बोलना नाय."

मग तो आईकडे वळला. आई पाण्यात पाय सोडून तशीच बसलेली. अठरा वर्षांची तयारी कुठल्या कुठे गेली आणि तिच्या तोंडून एवढंच निघालं, "बाबा, पाय भिजले."

"मग घरात ये ना, यमू. पुसून घे," तो म्हणाला.

माहेरी आलेल्या लेकीच्या पायांवर पाणी घालायला मामी तांब्या घेऊन उंबऱ्याशी उभी होती. तिने आईच्या निथळणाऱ्या पायांकडे पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला. आई उंबरा ओलांडून आत गेली. ओल्या पावलांचे ठसे शेणाने सारवलेल्या जमिनीवर आतपर्यंत गेलेले मी पाहिले.

गाव किनाऱ्यावर गेलं, पण आजा गेला नाही. कोपऱ्यातली खुंटी पाणी पिऊन फुगून घट्ट बसली होती, म्हणून त्याने आतून सामता आणवला. सामता म्हणजे दोरीने फिरवायचं भोक पाडण्याचं हत्यार. एकाने वरून दाबून धरायचं आणि दुसऱ्याने दोरीची दोन टोकं आळीपाळीने ओढायची. एकट्याचं ते कामच नव्हे. मामा पुढे झाला, तर आजाने त्याला मानेनेच बाजूला केलं आणि दोरीची टोकं आप्पांच्या हातात दिली. आप्पा जोराने ओढायला लागले. "दमानं, दमानं," म्हातारा म्हणाला, "पलत नाय जायाचा सागवान." हळूहळू दोघांचा ताल जमला. भुसा ओला होऊन वर येत होता, दोघेही घोट्यापर्यंत पाण्यात. मी बाजूला उभी राहून दुसरं काय बघत होते? ज्या आजाने होडीत नेऊन माझ्या बापाला परत पाठवलं, तोच त्याच्याबरोबर एका होडक्यात उभा होता, आणि या वेळी कोणालाही मळमळत नव्हतं. शेवटी सामता आरपार गेला आणि जीपखाली वाळूत पाण्याची धार पडू लागली. आजाने त्याच मापाचं बूच तासून दिलं, सुतळीने बांधून, हरवू नये म्हणून. होडीलाही असतं म्हणे असं. मामा म्हणाला, "मला कसा सुचला नाय!" आजा म्हणाला, "तुला सुचला असता तं मला काय काम उरला असता?"

आता बोईसरहून पालघरला जाताना कोळगावपाशी मोठमोठ्या कचेऱ्या लागतात, चकचकीत गाड्या उभ्या असतात, आणि त्यातली एकही मला त्या हिरव्या जीपइतकी देखणी वाटत नाही. ती पुढे बारा वर्षं चालली. दर महिन्याला मुरब्याला जायची, आणि प्रत्येक पावसाळ्यात कोणीतरी विसरायचं आणि मग गाडी चालू असताना ओरडायचं, "बूच काढा रे बूच!" पण मला आठवतो तो दिवस. पाणी वाहून जात होतं, आजा आणि आप्पा जीपच्या कडेवर शेजारी शेजारी बसून त्या धारेकडे बघत होते आणि मी तळाशी अडकलेला नारळ उचलून घेतला होता. तेवढ्यात आतून हाक आली, "जेवायला या. भाकऱ्या गार होतायत." आप्पा नेहमीच्या सवयीने "आलो" म्हणाले. आजाही त्याच क्षणी "आलो" म्हणाला, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या घराच्या आतून आईचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.